चित्रीकरण आणि आपले गाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांच्या डोळ्यांनी आपले गाव पाहावे, असा संस्कार आमच्यावर केला. त्या ऋणाला स्मरून मी आजचा विषय निवडला आहे. आयुष्यभर साहित्य शिकविणाऱ्याने चित्रीकरणावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु कादंबरीला जसा प्रदेश लागतो तसा चित्रपटालाही लागतो. फरक इतकाच, की कादंबरीकार एकटा येतो आणि चित्रपटवाले ट्रक, जनरेटर आणि शे-दीडशे माणसे घेऊन दारात उभे राहतात. त्यांना गावाने साह्य कसे करावे आणि ते करताना आपले हित कसे राखावे, हा प्रश्न आहे.

आपल्या कर्नाटक कॉलेजचे पदवीधर गिरीश कार्नाड यांनी १९७८ साली 'ओंदानोंदु कालदल्लि' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातून मराठी रंगभूमीवर वावरलेले शंकर नाग नट म्हणून पुढे आले. पुढे त्यांनीच आर. के. नारायण यांच्या कथांवरून 'मालगुडी डेज' ही मालिका केली. मालगुडी नकाशावर कोठेही नाही. शंकर नागांना ते शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे येथे सापडले. तेथील रस्ते, ओसऱ्या आणि 'दोड्डमने' हे जुने घर मालगुडीचे झाले. मालिका १९८६-८७ साली दूरदर्शनवर आली. तरी ते घर पाहायला लोक अजून जातात, आणि मालिकेत दिसलेल्या अरसाळू रेल्वे स्थानकात २०२० साली मालगुडी संग्रहालय उघडले. एका गावाने दिलेल्या आसऱ्याचे फळ इतकी वर्षे टिकले.

वाईजवळचे मेणवली पाहा. कृष्णाकाठचा घाट आणि नाना फडणविसांचा अठराव्या शतकातील वाडा जपले गेले, म्हणूनच २००४ च्या 'स्वदेस'ला तेथे चरणपूर हे गाव उभे करता आले. आधी जतन, मग कॅमेरा, हा क्रम ध्यानात घ्यावा. आपल्याकडे उणकलचा तलाव आणि चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. धारवाडात कौलारू घरे आणि झाडीतले जुने बंगले आहेत. मात्र कौले उतरून स्लॅब पडत आहेत. जे पाडले, ते कोणत्याही दिग्दर्शकाला दाखविता येणार नाही; आणि त्याहून दुःखाचे म्हणजे, आपल्या नातवंडांनाही नाही.

भाषा हेही एक स्थळच असते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) करमाळ्याचा परिसर जितका दिसतो, तितकाच तो ऐकूही येतो. धारवाडी कानडी आणि आपल्या घरांतली कानडी वळणाची मराठी पडद्यावर आली, तर ती आपल्याच तोंडून यावी. उच्चार सांगणारा, दुभाषा, नट अशी कामे आपल्या मुलांना मिळावीत.

येथे 'मंथन'ची आठवण करावीशी वाटते. १९७६ चा हा चित्रपट श्याम बेनेगलांचा; पटकथा विजय तेंडुलकरांची, नायक कार्नाड. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि चित्रपट उभा राहिला. ज्यांची कथा, तेच निर्माते. प्रत्येक गावाला हे साधणार नाही. परंतु गावाला चित्रपटात केवळ पार्श्वभूमी म्हणून नव्हे, भागीदार म्हणून स्थान असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

केंद्र सरकारने २०१५ साली चित्रीकरणाच्या साह्यासाठी स्वतंत्र कार्यालय काढले. दिल्लीतून परवानगीची वाट सुकर होईल. पण कोणत्या गल्लीत ट्रक वळतो, परीक्षा केव्हा आहेत, देवळात पूजा कधी असते, हे गावच सांगू शकते. म्हणून माझ्या काही सूचना आहेत. माजी विद्यार्थ्यांनी मालकांच्या संमतीने जुन्या वास्तूंची छायाचित्रांसह नोंदवही करावी. सुतार, आचारी, वाहनचालक, शिंपी, वादक यांची यादी ठेवावी. पाहुण्यांना दहा दारे ठोठवावी लागू नयेत, यासाठी एक छोटी समिती असावी. भाडे, अनामत, मोडतोडीची भरपाई आणि जागा पूर्ववत करून देण्याची हमी हे सारे आधीच कागदावर यावे. भाडे वाड्याच्या मालकाला मिळते, पण रस्ता बंद झाल्याने ज्या भाजीवालीचा दिवस बुडतो तिचे काय? तिच्यासाठी आणि वाचनालयासारख्या सार्वजनिक कामासाठी एक हिस्सा ठरलेला असावा. शेवटची सूचना अशी, की नको असेल तेव्हा नम्रपणे 'नको' म्हणण्याचा अधिकार गावाने स्वतःकडे ठेवावा. तो अधिकार असेल, तरच आपले स्वागत मनापासूनचे ठरेल.

गुरुजींनी शाळा उभारली ती घरोघर फिरून, माणसे जोडून. हे कामही त्याच रीतीचे आहे. नोंदवहीचे पहिले पान या शाळेच्या इमारतीचे असावे, अशी इच्छा व्यक्त करतो.