जेटचे भोक आणि इंजिनाचे आयुष्य



आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांच्या मनात आले असेल की, व्याख्यानमालेच्या मंडपात हे मोटारदुरुस्तीचे प्रकरण कशाला? त्याचे कारण साधे आहे. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्यूरियस' हा अमेरिकन चित्रपट आला. त्यात बटण दाबले की मोटार बाणासारखी सुटते. तेव्हापासून यंत्राची आवड असलेल्या तरुण मंडळींचा एक प्रश्न ठरून गेला आहे: 'सर, नायट्रसला किती नंबरचे जेट घालू?' या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देणारा मनुष्य भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे असे आमचे मत आहे. तसे का, तेच आज सांगावयाचे आहे.

नायट्रस ऑक्साइड तसा जुनाच. प्रीस्टलीने तो १७७२ साली तयार केला. १७९९ साली हंफ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून पाहिला आणि 'हसवणारा वायू' हे नाव रूढ केले. दंतवैद्यांनी तो पुढे भूल देण्यासाठी घेतला. इंजिनात तो शिरला दुसऱ्या महायुद्धात. उंचावरच्या विरळ हवेत विमानाचे इंजिन धापा टाकते, म्हणून जर्मनांनी जीएम-१ नावाच्या योजनेने हा वायू त्यात सोडला. आज त्याचे खरे घर म्हणजे अमेरिकेतील पाव मैलाच्या शर्यतीचे सरळ पट्टे.

हा वायू इंधन नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तो स्वतः जळत नाही. जळायला मदत करतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, यात ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने त्याचे विघटन होते व प्राणवायू मोकळा होतो. त्या वाढीव प्राणवायूला वाढीव पेट्रोल मिळाले तर शक्ती वाढते. ते न मिळाले तर आगीचा दाह वाढतो, इंजिन ठोकू लागते आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडते. हे घडायला काही सेकंद पुरतात. हिशेबाने एक किलो पेट्रोलला सुमारे साडेनऊ किलो नायट्रस लागतो. प्रत्यक्षात शहाणी माणसे याहून जास्तच पेट्रोल देतात. पेट्रोल जास्त झाले तर धूर होतो, थोडी शक्ती जाते. कमी झाले तर इंजिन जाते.

आता जेट. ज्यांनी जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर साफ केला असेल त्यांना जेट ठाऊकच आहे: मधोमध बारीक भोक असलेला पितळी तुकडा. नायट्रसच्या जोडणीत असे दोन असतात, एक वायूचा व एक पेट्रोलचा. त्यांवरचा आकडा बहुधा भोकाचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतो. पहिली फसगत इथेच होते. ४० काढून ४४ घातला तर माणसाला वाटते, दहा टक्के वाढवले. परंतु प्रवाह चालतो क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वायू वाढला २१ टक्के!

दुसरी फसगत दाबाची. भोकातून जाणारा प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या मानाने बदलतो. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब चौरस इंचास ६ पौंडांच्या आसपास असतो. इंजेक्शनच्या गाडीत तो ४३ असू शकतो. तेच भोक दुसऱ्या गाडीत अडीचपटीहून जास्त पेट्रोल सोडील. म्हणून मित्राच्या गाडीचे पेट्रोलजेट आपल्या गाडीला उसने घेता येत नाही. तो दाबही पेट्रोल वाहत असताना मोजायचा. नळी बंद असताना काटा उत्तम दिसतो आणि पेट्रोल वाहू लागताच दुबळा पंप उघडा पडतो. अशा गाडीत पंप बदलल्यावाचून जेटला हात लावू नये.

वायूच्या बाजूला तर हवामानच ढवळाढवळ करते. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सिअसला तो चौरस इंचास ९०० पौंडांच्या थोडा वर असतो, आणि जेटांचे तक्ते बहुधा ९०० ते १००० पौंडांसाठी केलेले असतात. समजा, ९५० पौंडांवर जोडी जुळवली आणि बाटली तापून दाब १२०० झाला. वायू सुमारे १२ टक्क्यांनी वाढला, पेट्रोल मात्र होते तेवढेच राहिले. जेट बदलले नाही, तरी गाडी धोक्यात आली. ३६.४ अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात, उन्हात उभ्या बंद गाडीच्या डिकीत काय होईल, ते श्रोत्यांना सांगायला नको. बाटली ज्योतीने तापवणे म्हणजे तर शुद्ध वेडेपणा. सुरक्षाचकती फुटलीच, तर तिच्यातून सुटणारा वायू नळीने गाडीबाहेर गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ मेकॅनिकांच्याही ध्यानात येत नाही. जेट दर सेकंदाला ठराविक वायू सोडते. इंजिन किती वेगाने फिरते आहे याची त्याला खबर नसते. मिनिटाला ४००० फेऱ्यांऐवजी २००० फेऱ्या असतील, तर प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला दुप्पट वायू येतो. म्हणून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, आणि निदान अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या वरच वायू सुटेल, असा स्विच हवा. पेट्रोलचा दाब पडताच वायू तोडणारा स्विचही हवाच. वेगमर्यादा गाठल्यावर पेट्रोल तोडणारी यंत्रणा गाडीत असेल, तर तिच्या आधीच वायू बंद झाला पाहिजे.

मग सुरुवात कशी करावी? चार सिलिंडरचे साधे, निरोगी इंजिन असेल तर ४० ते ६० अश्वशक्तींच्या वर जाण्याचा मोह धरू नये. प्लग एक पायरी थंड जातीचा घ्यावा. ठिणगीची वेळ मागे न्यावी. दर ५० अश्वशक्तींमागे सुमारे दोन अंश हा चालत आलेला ठोकताळा आहे. पहिल्या धावेला पेट्रोलजेट तक्त्याहून एक आकडा मोठे ठेवावे. धाव संपताच इंजिन बंद करून प्लग काढावे आणि भिंगाखाली पाहावे. चिनी मातीवर काळे वा चकाकणारे ठिपके दिसले, तर इंजिन ठोकते आहे, तिथेच थांबावे. सर्व स्वच्छ असेल तरच पेट्रोलजेट एक आकडा उतरवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वायूचे जेट वाढवायचे तर आधी पेट्रोलचे वाढवावे. हा क्रम आम्ही अमुक वेळा मोडून पाहा, असे कोणालाही सांगणार नाही.

हे सारे शर्यतीच्या बंदिस्त पट्ट्यापुरते. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला मना आहे, आणि रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हाच आहे. बाटलीला २०१६चे गॅस सिलिंडर नियम लागतात; ते पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोटारीसाठी विकल्या जाणाऱ्या वायूत गंधकाचा वायू मुद्दाम मिसळतात, तेव्हा हसण्यासाठी तो हुंगण्याचे धाडस कोणी करू नये.

बाटलीत किती उरले, हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही. द्रव शिल्लक असेतो काटा जवळजवळ जागेवरच राहतो. वजनकाट्यावर ठेवूनच पाहावे. दहा पौंडांची बाटली १०० अश्वशक्तींच्या जोडणीला सुमारे दीड-दोन मिनिटे पुरते. बाटली संपत आली की दाब कोसळतो आणि मिश्रण बदलते. त्या वेळी प्लग पाहून जेट ठरवू नये. आणि गाडी उभी केली की बाटलीची मुख्य झडप हाताने बंद करावी. विजेची झडप थोडी जरी गळली, तरी वायू इंजिनाच्या हवानळीत साचतो, आणि पुढच्या वेळी किल्ली फिरवणाऱ्याला ते ठाऊक नसते.