बोटे का आखडतात?



वसंतातील संध्याकाळी स्नायूंच्या पेटक्यांवर बोलणारा वक्ता आपल्याला थोडा अरसिकच वाटेल. पण आधी एक चित्र आम्ही आपल्यापुढे ठेवतो. मग काय ते ठरवा.

चाळिशीची एक गृहिणी. ओठांभोवती मुंग्या येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. एके दिवशी कणीक मळता मळता तिचे मनगट वाकते, बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटतात आणि अंगठा तळहाताकडे वळतो. घरात एकच धावपळ! कोणी म्हणतो धनुर्वात, कोणी म्हणतो फेफरे, कोणी म्हणतो मनाचे खेळ. आजी तर अंगाराच लावते. गळ्यावरच्या जुन्या व्रणाकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. तिच्या अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेली असते, आणि रोगाचे मूळ तिथेच असते.

अवटू ग्रंथीच्या मागे बहुधा तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या परावटू ग्रंथी. त्यांचा पहिला शोध लागला तो आपल्या भारतातील एका गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली तो मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले. माणसातील या ग्रंथींचे वर्णन 1880 साली स्वीडनमधील उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने प्रसिद्ध केले. त्या करतात काय, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. पुढे 1909 साली मॅक्‌कॅलम आणि फोग्टलिन यांनी दाखवले, की या ग्रंथी काढल्यावर येणारे झटके कॅल्शियम दिल्याने थांबतात.

विड्याला लावतो त्या चुन्यातले हे मूलद्रव्य. शरीरातले शंभरातले नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत. रक्तात ते अगदी थोडे, शंभर मिलिलिटरमागे साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. पण नसांच्या दारावरचा दारवान हाच! तो कमी झाला, की किरकोळ कारणानेही नसा उत्तेजित होतात, आणि त्यांच्या हुकमातले स्नायू आखडतात. परावटूचा रस हाडांतून कॅल्शियम काढतो, मूत्रावाटे जाणारे अडवतो आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून अन्नातले शोषून घेववतो. रसच आटला, तर दूध पिऊनही सारे भागत नाही.

या विकाराला टेटनी म्हणतात. जंतूंमुळे होणारा धनुर्वात वेगळा. दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून तीन मिनिटे ठेवला, की हात असा वळतो काय, हे डॉक्टर पाहतात. घाबरून जोरजोराने श्वास घेतल्यानेही बोटे आखडतात; म्हणून नुसत्या लक्षणावर निदान करू नये. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि परावटूचा रस तपासला म्हणजे उलगडा होतो. मॅग्नेशियम फार कमी झाले तरी या ग्रंथी मंदावतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. कधी कधी पेटके नसतात. नुसता स्नायूंचा अशक्तपणा असतो, आणि स्नायूंचाच रोग म्हणून उपचार चालतात. कधी आकडी येते आणि वर्षानुवर्षे फेफऱ्याची औषधे चालतात. दुखणे लांबले, तर डोळ्यांत मोतीबिंदूही होतो.

झटका तीव्र असेल, तर रुग्णालयात शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात. पुढे गोळ्या आणि क्रियाशील ड जीवनसत्त्व. पण ‘अधिक तितके चांगले’ हा न्याय येथे लागू नाही. कॅल्शियम जास्त झाले, तर मूत्रपिंडात खडे होतात. म्हणून मनाने औषध वाढवू नये, बंदही करू नये. शस्त्रक्रियेनंतरची ही उणीव पुष्कळदा काही आठवड्यांत भरून निघते. काहींना मात्र जन्मभर औषध लागते.

घरात कोणाची बोटे आखडली, तर अंगारा शोधण्यापूर्वी गळ्यावरचा व्रण पाहा आणि रक्त तपासून घ्या. त्या माउलीला ‘तुझे हे मनाचे खेळ’ असे म्हणण्याआधी एवढे करणे आपले कर्तव्य आहे.