ज्वालारोधक गणवेशावरील छपाई : शाईची निवड

(प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानावरून)



छपाईची कामे करवून घेणे हा माझा नित्याचा व्यवसाय. पत्रके, फलक, टोप्या, सारे काही छापून झाले. परंतु कापडावरील शाई माणसाला भाजू शकते, हे मला फार उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने सुरक्षा सप्ताहानिमित्त आपल्या वायरमनांच्या ज्वालारोधक सदऱ्यांवर पाठभर पिवळ्या अक्षरांत घोषवाक्य छापून घेतले. मजकूर माझाच होता. छपाई सुबक झाली. उरलेल्या छापील तुकड्याला मी सहज ज्योत लावून पाहिली. कोरे कापड काळवंडले व ज्योत दूर होताच विझले. अक्षरे मात्र मऊ होऊन ओघळली आणि त्यांवर ज्योत काही क्षण रेंगाळत राहिली. सदरे परत मागवावे लागले. वाया गेलेल्या खर्चाबद्दल मी बोलणी खाल्ली, आणि ती रास्तच होती.

असे का व्हावे? बाजारात सर्रास वापरली जाणारी प्लॅस्टिसॉल शाई म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला लवचीक ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे मिश्रण. सुमारे १६० अंश सेल्सिअसला ती पक्की होते. पण धाग्यात मुरत नाही, वर थर धरून बसते. विजेच्या तारांवर आर्कचा भडका उडाला की हा थर वितळतो, पेट घेऊ शकतो आणि कापड विझल्यावरही आतील त्वचेला उष्णता पोचवीत राहतो. कापड फॉस्फरसयुक्त प्रक्रिया केलेले सुती असो वा नोमेक्ससारखे अॅरॅमिड तंतूंचे असो, त्यावरील साधी शाई सारखीच घातक.

म्हणून शाई अशा गणवेशासाठीच बनविलेली हवी. ती पाण्यावर आधारलेली असेल वा सिलिकोनची. डब्यावरील ‘ज्वालारोधक’ या शब्दावर मात्र विसंबू नये. शाई आणि कापड यांची एकत्र परीक्षा झाली पाहिजे. आयएसओ १५०२५ या पद्धतीत नमुन्यावर १० सेकंद ज्योत धरतात. आयएसओ ११६१२ नुसार ज्योत हटविल्यावर नमुना २ सेकंदांहून अधिक काळ जळता कामा नये आणि त्यातून वितळलेले थेंबही पडता कामा नयेत. ही परीक्षा धुलाईपूर्वी व धुलाईनंतर, दोन्ही वेळा करवून घ्यावी.

ग्रामपंचायतीचा पथदिवे दुरुस्त करणारा कर्मचारी असो वा आयटीआयच्या कार्यशाळेतील निदेशक, त्यांच्यासाठी असे कपडे घेताना निविदेत आयएस १५७४८ या भारतीय मानकाबरोबर छापील नमुन्याच्या चाचणी अहवालाचीही अट घालावी. छपाईऐवजी भरतकाम हवे, असे कोणी सुचवील; पण पॉलिएस्टरचा दोराही वितळतोच. तेथे अॅरॅमिडसारखा ज्वालारोधक दोराच लागतो.

त्या प्रसंगानंतर आलेल्या अशाच एका मागणीत आम्ही कार्यालयाचे नाव छातीवरील बोटभर पट्टीत बसविले. घोषवाक्य उपकेंद्राच्या भिंतीवर रंगविले.