दर हजारीं किती?

साथीच्या रोगाला गरीब-श्रीमंत हा भेद ठाऊक नसतो, असें पुष्कळदां म्हटलें जातें. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या मुंबईंतील नोंदी पाहिल्या म्हणजे हें म्हणणें किती अपुरें आहे तें कळून येतें.

पहिलें महायुद्ध तेव्हां संपत आलें होतें. १० जून १९१८ रोजीं सात पोलीस शिपाई तापानें आजारी होऊन इस्पितळांत दाखल झाले. त्यांपैकीं एकाची नेमणूक गोदीवर होती. लवकरच साथ शहरभर पसरली, आणि ओसरली. परंतु सप्टेंबरांत ती अधिक उग्र होऊन परतली. ६ ऑक्टोबर ह्या एका दिवशीं शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले.

आकडा भयंकर खरा. पण साथीचा घाव कोणावर किती बसला हें तो सांगत नाहीं. एका वस्तींत शंभर माणसें दगावलीं व दुसरींत पन्नास, एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. त्या वस्त्यांत माणसें किती होतीं, हें आधीं कळावें लागतें. म्हणून दर हजारीं प्रमाण काढतात. त्या वर्षीं इन्फ्लुएंझानें युरोपियनांत दर हजारीं ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२ मृत्यु झाले. सरकारी कागदांत ज्यांची गणना 'खालच्या जातीचे हिंदू' अशी झाली, त्यांच्यांत हेंच प्रमाण ६१.६ होतें, इतर हिंदूंत तें १८.९ होतें.

शहर एक, रोग एक, महिनेहि तेच. मग ही सातपटींहून अधिक तफावत कां? रामबाण औषध कोणाच्याच घरीं नव्हतें. माणसांतील ह्या रोगाचा विषाणु १९३३ सालीं सांपडला, आणि पेनिसिलीनचा शोध १९२८ चा. रोग्याला आधार होता तो विश्रांतीचा, मोकळ्या हवेचा, दुधाचा आणि शुश्रूषेचा. एका खोलींत दाटीनें राहणारें कुटुंब एकाच वेळीं अंथरुणास खिळलें, तर पाणी कोणी द्यावें? रोजंदारीवर पोट असलेल्यानें ताप अंगावर काढला, तर फुप्फुसदाह व्हावयास कितीसा वेळ? त्यांतच त्या वर्षीं पावसानें दगा दिल्यामुळें धान्य महागलें होतें.

मृत्युप्रमाण वाचतांना रोगाचें नांव पाहावें, तसेंच खोलीचें आकारमान, मजुरी आणि नळाचें अंतर हींहि पाहावींत. ८.३ आणि ६१.६ ह्यांमधील अंतर साथ येण्यापूर्वींच शहरांत होतें.