फोन ठेवल्यानंतरची भूक



आज वजनाबद्दल बोलायचं आहे, पण वजनकाट्याआधी जरा घड्याळाकडे बघूया. भारत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिकडे साडेसातला देवापाशी दिवा लावून आई-बाबा निवांत बसतात, तेव्हा इथे सिंगापुरात रात्रीचे दहा झालेले असतात. फोन होतो. गुडघेदुखी, शेजारच्या काकांचं आजारपण, शेवटी "कधी येतेस?" फोन ठेवला की तुम्ही सरळ स्वयंपाकघरात जाता आणि चिवड्याचा डबा उघडता. जेवून दोन तासही झालेले नसतात. ही पोटाची भूक नव्हे.

आपल्याकडे काही घरांत ही सवय २०२० मध्ये लागली. ७ एप्रिल ते १ जून सर्किट ब्रेकर होता, भारताची नेहमीची विमानं बंद होती. कुणी कुणी जवळच्या माणसाचे अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले. तेव्हा जे खाल्लं त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. हाताशी तेवढंच होतं. पण दुःख निवळलं तरी हात डब्याकडे जातच राहिला, आणि वाढलेले किलोही राहिले.

म्हणून डाएटच्या आधी ही वेळ बदला. फोन घेऊन खाली उतरा. इमारतीभोवती किंवा जवळच्या पार्क कनेक्टरवर चालत बोला. "धाप का लागली गं?" असं आई विचारेल, विचारू दे. अर्ध्या तासाचं बोलणं म्हणजे अर्धा तास चालणं, आणि फोन संपेल तेव्हा डबा दहा मजले वर असेल. व्हिडिओ कॉल रविवारी करा.

बॅगेतून आलेली बाकरवडी आल्या आठवड्यातच ऑफिसात वाटून टाका. घरात साठा ठेवून मनावर ताबा ठेवण्याची परीक्षा रोज कशाला द्यायची?

चहाचंही पाहा. कोपीटियममध्ये नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क आलंच. आधी 'स्यू दाय' म्हणा, म्हणजे गोड कमी. जीभ रुळली की 'तेह सी कोसोंग', म्हणजे दूध आहे, साखर नाही. थंड पेयांवरची ए ते डी अक्षरंही वाचा. १०० मिलीलीटरमध्ये १० ग्रॅमहून जास्त साखर असली की डी मिळतो. ३३० मिलीलीटरच्या अशा कॅनमध्ये सहा चमच्यांहून जास्त साखर जाते.

वजन ८० किलो असेल तर पहिल्या सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरले तरी पुष्कळ. तेवढ्यानेही मधुमेहाचा धोका कमी होतो. लग्नातल्या फोटोशी तुलना नको.

आणि दोन-दोन आठवडे मन उदास राहत असेल, झोप लागत नसेल, लपून खाल्लं जात असेल, तर पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना वजनाच्या आधी हे सांगा.