प्रेक्षकांचीही कसोटी

हैदराबादच्या हिमायतनगरातून बशीरबागेकडे निघालेला मनुष्य थोड्याच वेळात लालबहादूर क्रीडांगणापाशी येऊन पोहोचतो. याचे जुने नाव फतेह मैदान. फुटबॉलच्या खेळात या शहराचा लौकिक मोठा आहे. सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाने घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. प्रेक्षकांच्या वर्तनाचा विचार करताना याच रहीम यांच्या आयुष्यातील एक प्रसंग प्रथम आठवतो.

१९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधुरीणाने त्यास जाहीर हरकत घेतली आणि जाकार्तातील लोकमत भारतावर बिथरले. ४ सप्टेंबर रोजी भारत व दक्षिण कोरिया यांचा अंतिम सामना झाला. त्या वेळी प्रचंड प्रेक्षागाराने भारतीय संघाची हेटाळणी चालविली होती. संघात हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते, ख्रिस्ती होते. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम होता आणि डोक्यावरची जखम घेऊन खेळणारा जर्नेलसिंग होता. वादाशी त्यांच्यापैकी एकाचाही संबंध नव्हता. तरीही पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने २-१ असा विजय मिळविला. त्या वेळी असाध्य रोगाने ग्रासलेले रहीम पुढील वर्षी जून महिन्यात निवर्तले.

या विजयाचा अभिमान सर्वांनाच वाटतो. परंतु त्यातील बोध मात्र सहसा कोणी घेत नाही. खेळाडूने पास चुकविला, तर प्रेक्षकाने नापसंती दर्शवावी. तो त्याचा हक्क आहे. २०१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या रिकाम्या बाकांकडे पाहून कर्णधार सुनील छेत्री याने, मैदानात येऊन हवी तेवढी टीका करा, असेच लोकांना विनविले होते. टीका खेळाडूच्या कृतीवर असते. जन्माची निंदा मात्र त्याने न केलेल्या गोष्टीबद्दल असते. वर्ण, जात, धर्म, प्रांत, चेहऱ्याची ठेवण यांपैकी काहीच कोणी निवडून घेत नाही. म्हणून दोहोंत केवळ तीव्रतेचा फरक नाही. त्या मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत.

जाकार्ताच्या प्रेक्षकांना दोष देणे सोपे आहे. २००७ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडचेष्टा झाल्या, त्या आपल्याच लोकांनी केल्या. हैदराबादच्या क्रिकेट संघातून खेळलेल्या डॅरन सॅमी या वेस्ट इंडियन खेळाडूने २०२० साली सांगितले की, ज्या नावाने त्याला हाक मारली जाई त्याचा अर्थ त्याला फार उशिरा कळला. तो शब्द होता ‘काळू’. थट्टेत उच्चारलेला शब्दही, ज्याला उद्देशून तो बोलला जातो त्याला समजला की, थट्टा राहत नाही. आज भारतीय फुटबॉल मणिपूर व मिझोराम येथील खेळाडूंच्या बळावर उभा आहे. त्यांच्या चेहऱ्याची टवाळी करणारा मनुष्य स्वतःच्याच संघाचा तेजोभंग करीत असतो.

यावर उपाय काय? जागतिक फुटबॉल संघटनेने २०१७ पासून पंचांना तीन पायऱ्या घालून दिल्या. प्रथम सामना थांबवून सूचना द्यावी. न ऐकल्यास तो काही काळ तहकूब करावा. तरीही प्रकार चालू राहिल्यास रद्द करावा. नियम चांगला आहे, परंतु पंचाच्या कानावर सारेच येत नाही. तिकिटावर जागेचा क्रमांक असावा, म्हणजे गर्दीतील मनुष्य अनामिक राहत नाही. तक्रार कोणाकडे करावयाची हे तेलुगू, उर्दू, हिंदी अशा साऱ्या भाषांत जाहीर व्हावे आणि तक्रार करणाऱ्यास संरक्षण मिळावे. गर्दीचा तोल सुटला म्हणजे काय होते, हे कलकत्त्याने १६ ऑगस्ट १९८० रोजी पाहिले. ईडन गार्डन्सवरील सामन्यात त्या दिवशी सोळा प्रेक्षक प्राणास मुकले.

परंतु सर्वांत जवळचा पंच म्हणजे शेजारच्या बाकावरचा प्रेक्षक. शिवी देणाऱ्याला शेजाऱ्यांच्या हसण्याचे बळ लागते. ते हसू न मिळाल्यास दुसरी शिवी बहुधा ओठांतच राहते. बापाच्या मांडीवर बसून सामना पाहणारे मूल खेळाचे नियम पुढे कधीतरी शिकेल; माणसाला काय म्हणावे आणि काय म्हणू नये, हे मात्र ते त्याच बाकावर, त्याच संध्याकाळी शिकत असते.