पदवीच्या बाकावरून प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे 'उच्च शिक्षण आणि आपली मुले'. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून त्यातला एकच भाग आम्ही आज घेणार आहोत. कॉलेजात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलाला किंवा मुलीला पुढे प्राध्यापक व्हायचे असेल, संशोधन करायचे असेल, तर त्याची सुरुवात कुठून होते? आणि घरच्यांनी त्यात काय करायचे?

हाच भाग का घेतला, तेही सांगतो. मध्यंतरी आपल्याच वस्तीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील म्हणाले, "सर, ही म्हणती मला प्रोफेसर व्हायचंय. अजून किती वर्षं शिकणार? तुम्हीच सांगा हिला, हे आपलं काम हाय का?" मुलगी खाली मान घालून बसली होती. त्या दिवशी आम्ही काहीतरी थातूरमातूर बोलून चहा पाजून त्यांना पाठवले. नंतर मनाला फार लागून राहिले. आजचे हे भाषण म्हणजे त्या बापाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

बंधूंनो, हे आपलं काम आहे का, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने अगदी सुरुवातीला जी कामे हाती घेतली, त्यात एक काम आपल्या सोलापुरातले होते. ४ जानेवारी १९२५ रोजी इथे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलांचे कपडे, वह्या-पुस्तके, जेवणखाण याचा खर्च सभेने उचलला. सोलापुरातील जिवाप्पा ऐदाळे यांच्यासारखी माणसे त्यात झटली, आणि नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या वसतिगृहातल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले. बघा, पोटाला पुरेसे नाही, अंगावर धड कपडा नाही, आणि ही पोरे मासिक काढतात! लिहिणे, दुसऱ्याचे वाचणे, त्यावर वाद घालणे, हीच विद्वत्तेची पहिली पायरी. ती आपल्या सोलापुरातल्या मुलांनी शंभर वर्षांपूर्वीच चढून दाखविली आहे.

आता खुद्द बाबासाहेबांकडे वळू. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, फोटोखाली लिहितो. पण त्या पदव्यांपर्यंत ते पायरी-पायरीने कसे गेले, हे आपण मुलांना सांगत नाही. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात गेले तेव्हा घर परळच्या चाळीतले. बडोद्याचे सयाजीराव महाराज दरमहा २५ रुपये देत, त्यावर कॉलेजचे शिक्षण. संस्कृत शिकायची त्यांची इच्छा होती, पण शाळेत ती वाट बंद केली गेली, तर फारसी घेऊन ते पुढे गेले. म्युलर नावाचे एक प्राध्यापक त्यांना पुस्तके देत, कपडेही देत. आणि वडील रामजी सुभेदार? हातात पैसा नसला तर लेकींकडे जात, त्यांचे दागिने गहाण ठेवत आणि मुलाला हवे ते पुस्तक आणून देत. दागिना सोडवायचे पुढे बघू, पण पुस्तक आजच पाहिजे, असा तो बाप होता.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, शिवाय इतर विषय वेगळे. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय वर्षे २५. ज्या जातीने त्यांना शाळेत बाहेर बसविले, त्याच जातीला त्यांनी अभ्यासाचा विषय केले आणि विद्वानांच्या वर्गात टेबलावर मांडले. मुलांनो, हे लक्षात ठेवा. आपल्या अंगावर आलेला प्रश्न हा नुसता रडण्याचा विषय नसतो, तो संशोधनाचाही विषय असतो.

पुढे लंडनला गेले, तर १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. जहाजाने पाठविलेली पुस्तकेही बुडाली. कोणीही म्हटले असते, आता बस्स. पण ते नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. तरी शिकविले, पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. म्हणजे एल्फिन्स्टनपासून धरली तर पंधरा वर्षे! मध्ये खंड पडला, पण मोडले नाहीत.

तुम्ही म्हणाल, ते बाबासाहेब होते, आमच्या पोरांचे काय? म्हणून आता थोडे आमचे सांगतो. त्यात मोठेपणा काही नाही.

आमची आई विड्या वळायची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि घर आईच्या सुपावर आले. आम्ही बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले, ते आवड म्हणून नव्हे, त्या तुकडीत जागा होती म्हणून. त्या वेळी सोलापूरची कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी मजुरी हा विषय शिकविला आणि विचारले, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी मजुरी मोजली जाते?" वर्ग गप्प. आमची मान खाली. तास संपल्यावर सरांनी थांबवून घेतले आणि हळूच विचारले, "घरी विड्या वळतात का?" बोटांवरून त्यांनी ओळखले असावे, कारण रात्री आम्हीही आईला धागा बांधू लागायचो. सर म्हणाले, "मग तू मोज. हजार विड्यांना किती मिळतात, किती तास लागतात, छाट किती काढतात, लिहून आण."

आम्ही गल्लीतल्या चाळीस घरांत वही घेऊन फिरलो. बायका हसायच्या. "अगं, ह्यो मास्तर काय लिहून घ्यालाय बघ की!" पण बोलायच्या. छाट म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या. त्याचा पैसा बाईला मिळत नाही. आमच्या वहीत दिसू लागले की, एकाच हाताने वळलेल्या विड्यांत एका आठवड्याला छाट थोडी आणि दुसऱ्या आठवड्याला दुप्पट. हात तोच, पान तेच, मग छाट कशी वाढली? सरांनी आम्हाला ग्रंथालयात बसवून १९६६ चा विडी व सिगार कामगारांचा कायदा वाचायला लावला. छाटीला मर्यादा घालायची तरतूद कायद्यात असते, हे त्या दिवशी कळले. घरी येऊन आईला वाचून दाखविले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे पुस्तकात हाय व्हय?"

तो निबंध आम्ही वर्गात वाचला. बक्षीस वगैरे काही मिळाले नाही. पण त्या दिवशी आम्ही ठरविले की, हेच काम करायचे. पुढे कोल्हापूरला 'कमवा व शिका' योजनेत राहून एम.ए. केले. आमच्या प्राध्यापकीचा पाया विद्यापीठात नव्हे, त्या चाळीस घरांच्या वहीत पडला.

आता आजच्या विद्यार्थ्यांसाठी कामाच्या गोष्टी. सोलापूरला १ ऑगस्ट २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, एम.ए.साठी गाव सोडायलाच पाहिजे असे आता नाही. आधी पदव्युत्तर शिक्षण, मग 'नेट' किंवा 'सेट' परीक्षा, मग पीएच.डी., असा साधारण रस्ता. एम.ए.ला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातीला ५०. पण आमचे ऐका, पन्नासावर समाधान मानू नका, निवडीच्या वेळी प्रत्येक गुण मोजला जातो. 'सेट' परीक्षा पुण्याच्या विद्यापीठामार्फत होते आणि मराठीतूनही देता येते. 'नेट'मध्ये वरचा क्रमांक आला तर संशोधनासाठी जे.आर.एफ. मिळते. २०२३ पासून ती पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे शिकता शिकता घराला हातभार लागतो. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी केंद्राची वेगळी फेलोशिप आहे, पुण्याच्या बार्टी संस्थेची आहे आणि परदेशी जायचे असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा जाहिरात स्वतः वाचा. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आजच करून ठेवा. दाखल्यापायी संधी गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

पण ही झाली कागदाची बाजू. पदवीच्या वर्षांत प्रत्यक्ष करायचे ते असे. एक तरी प्राध्यापक असा शोधा की, ज्यांना तुमचे नाव माहीत असेल. पुढच्या बाकावर बसा, शंका विचारा. गाईडवर विसंबू नका, मूळ पुस्तक हातात घ्या. वर्षातून एक निबंध स्वतःच्या डोक्याने लिहा आणि चारचौघांत वाचा. इंग्रजीला घाबरू नका. रोज एक पान वाचले तरी तीन वर्षांत हजार पाने होतात.

आता कडू बोलतो, कारण खोटी आशा दाखवणे हे पाप आहे. प्राध्यापकाची खुर्ची सहजासहजी मिळत नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेली आपली मुले वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, तेही उशिरा. आम्ही स्वतः सहा वर्षे तसे शिकविले. एका संस्थेत आमची निवड होत आली होती, तर आतल्या खोलीत बोलावून रकमेचा आकडा सांगितला. आईच्या अंगावर मणी-मंगळसूत्रापलीकडे काही नव्हते. आम्ही उठून आलो. त्या रात्री वाटले, शिकलो ते चुकलो. पुढे दुसरीकडे राखीव जागेची रीतसर जाहिरात आली आणि गुणांवर निवड झाली. सगळ्यांचे तसे होईलच असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून मुलांनो, अभ्यासाबरोबर पोटाची एक वाट हाताशी ठेवा. बी.एड. करा, स्पर्धा परीक्षा द्या, शिकवण्या घ्या. बाबासाहेबांनीही नोकरी करून, पैसे साठवून उरलेले शिक्षण पुरे केले. त्यात कमीपणा नाही.

आणि आता त्या वडिलांना उत्तर. दादा, हे आपलंच काम आहे. जास्त दिवसांचे आहे, बिनभरवशाचेही आहे, पण आपलं आहे. आपल्या घरात काय घडते, हे लिहिणारा आपल्यातला कोणी नसेल, तर दुसरा कोणीतरी त्याला पाहिजे तसे लिहील. मुलीला लगेच प्रोफेसर करा असे आम्ही म्हणत नाही. तिला पदवी पुरी करू द्या, एम.ए.ची दोन वर्षे द्या, एक-दोनदा सेट देऊ द्या. तेवढ्यात लग्नाची घाई करू नका. संध्याकाळी दोन तास टी.व्ही. बंद ठेवा. तुमच्याकडून एवढेच मागतो.

विहार समितीलाही एक विनंती. वंदनेनंतर हा हॉल रात्री कुलूप लावून बंद असतो. एक दिवा, चार टेबले आणि पुस्तकांचे एक कपाट एवढे झाले तर इथे अभ्यासिका होईल. महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्याने इथे आपला निबंध वाचावा, आपण सर्वांनी ऐकावे. शंभर वर्षांपूर्वी वसतिगृहातली मुले करीत होती, तेच आपण पुन्हा करू. पहिल्या कपाटासाठी आमच्याकडची अर्थशास्त्राची पुस्तके आम्ही देतो. त्यात ती चाळीस घरांची वहीही ठेवू. पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर अजून लागते.

ती मुलगी आज इथे आली असेल, तर पहिला निबंध तिने वाचावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय, जयभीम!